पन्नीपासून इंधन: नागपुरात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

प्लास्टिकपासून इंधन बनवणं नागपूरला नवं नाही. जी. एच. रायसोनी अभियांत्रिकी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्रा. अलका झाडगांवकर यांनी या शतकाच्या सुरुवातीलाच हे काम हाती घेतलं होतं. पती उमेश झाडगांवकर यांच्यासोबत त्यांनी बुटीबोरीच्या एमआयडीसीत त्याचा कारखानाही उभारला. त्या कामाबद्दल वाचून-ऐकून या धंद्यात उतरावंसं वाटणारी तरुण मंडळी आजही भेटतात, आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: मशीन कितीला पडते?

माझं म्हणणं असं की मशीन सगळ्यात शेवटी घ्यायची. आधी कचरा हाताळायला शिका, मग छोटी चाचणी, मग कागदपत्रं, आणि मग मशीन. तेल चांगलं निघेल की नाही हे भट्टीत ठरत नाही, निवडाईच्या टेबलावर ठरतं. म्हणून या लेखात निवडाईला सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

आधी हे नेमकं काय आहे

प्लास्टिक मुळात खनिज तेल आणि वायूपासूनच बनतं. पॉलिथिन म्हणजे कार्बनच्या हजारो अणूंची लांब साखळी. ती बंद भांड्यात, हवा अजिबात न लागू देता, साधारण ३५० ते ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की जळत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजनच तिथे नसतो. साखळी तुटते आणि तुकड्यांची वाफ होते. वाफ थंड केली की तेल मिळतं. काही तुकडे इतके लहान असतात की थंड होऊनही त्यांचा द्रव होत नाही, तो गॅस. तळाला उरतो तो काळा कोळसा, त्याला कारखान्यात सगळे ‘चार’ म्हणतात. या सगळ्या क्रियेचं नाव पायरोलिसिस.

उघड्यावर प्लास्टिक जाळणं आणि हे, यांत काडीचाही संबंध नाही. भांडेवाडीच्या कचरा डेपोला उन्हाळ्यात आग लागली की जो धूर आसपासच्या वस्त्यांवर पसरतो, तो अर्धवट जळणाचा विषारी धूर असतो. पायरोलिसिसच्या भट्टीत हवा शिरली, तर तुम्हीही तेच करत असता, फक्त झाकणाखाली. आणि आत ज्वलनशील वाफ असल्यामुळे तिथे स्फोटही होऊ शकतो.

म्हणूनच घरी, गच्चीवर, जुन्या कुकरमध्ये किंवा गॅस सिलिंडरच्या टाकीत हा प्रयोग करू नका. मोबाइलवर तसले व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांत शेवटी बाटलीत पिवळसर तेल दाखवतात, पण वाफ बाहेर पडून पेटली तर काय होतं ते कुणी दाखवत नाही. शिकायचंच असेल तर प्रयोगशाळेत शिका. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

कोणतं प्लास्टिक चालतं

वस्तूच्या बुडाला त्रिकोणात १ ते ७ असा आकडा असतो. तो पाठच करून टाका.

२ (एचडीपीई), ४ (एलडीपीई) आणि ५ (पीपी) हा तुमचा माल. दुधाची पिशवी, किराणा दुकानाची पन्नी, ब्रेडचं वेष्टन, शाम्पूची बाटली, कळमना मार्केटमधले फाटलेले विणलेले कट्टे (पोती), हे सगळं यात येतं. ६ म्हणजे पॉलिस्टायरिन, थर्माकोल त्याचाच. त्यातून तेल चांगलं सुटतं, पण थर्माकोलमध्ये बहुतेक हवाच असल्यामुळे गाडी भरून आणला तरी वजन हाती लागत नाही.

१ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. त्या भट्टीत अजिबात टाकू नका. पेटच्या रचनेत ऑक्सिजन असतो. तापवल्यावर तेल थोडं निघतं आणि बेंझॉइक, टेरेप्थॅलिक अशी आम्लं तयार होतात. ती थंड नळीत घट्ट होऊन बसतात आणि वाफेची वाट बंद करतात. वाट बंद म्हणजे मागे दाब वाढला. शिवाय पेटच्या बाटलीला भंगारात चांगला भाव आहे, ती कबाडीवाल्याकडेच जाऊ द्या.

३ म्हणजे पीव्हीसी. पाइप, वायरचं आवरण, रेक्झिन, जुने फ्लेक्स बॅनर. या धंद्याचा खरा शत्रू हाच. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरिन असतो. ३०० अंशांच्या आसपास, म्हणजे तेल यायला लागण्याच्या आधीच, तो हायड्रोजन क्लोराइड वायू बनून बाहेर पडतो. एक किलो पीव्हीसीतून अर्ध्या किलोहून जास्त असा वायू निघू शकतो. पाण्याची वाफ मिळाली की त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं आणि ते भट्टीचं पोलाद, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरच्या नळ्या, पंप, सगळं आतून खात जातं. काही क्लोरिन तेलातही उतरतो, आणि असं तेल ज्या बॉयलरमध्ये जळेल तो बॉयलरही खराब होतो. एकदा असा माल पाठवला की तो ग्राहक पुन्हा उभं करत नाही.

७ मध्ये उरलेलं सगळं येतं. चिप्स-कुरकुऱ्यांची चकचकीत पाकिटं बहुतेक अनेक थरांची असतात, आत ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. भट्टीत थोडी खपतात, पण तेल कमी निघतं आणि चार वाढतो. नवख्याने सुरुवातीला ती बाजूला ठेवावीत. सिमेंटच्या भट्टीत ती इंधन म्हणून जळू शकतात, तो रस्ता त्यांच्यासाठी बरा.

आकडा नसेल तेव्हा

पन्नीवर आकडा क्वचितच दिसतो, आणि भांडेवाडीकडून किंवा वस्तीतून आलेल्या मालात तर चिंध्याच जास्त. अशा वेळी बादलीभर पाणी कामाला येतं. पॉलिथिन आणि पीपी यांची घनता पाण्यापेक्षा कमी, ०.९० ते ०.९७ च्या दरम्यान, म्हणून ती तरंगतात. पीव्हीसी आणि पेट पाण्यापेक्षा बरेच जड, थेट तळाला जातात. पॉलिस्टायरिनची घनता १.०५ च्या आसपास असल्याने तेही साध्या पाण्यात बुडतं, पण पाण्यात वजनाच्या दहा टक्के मीठ विरघळवलं की वर येतं. फेसाळलेलं थर्माकोल मात्र कुठेही तरंगणारच. तुकडा बुडवताना बोटांनी चोळून त्याला चिकटलेले बुडबुडे काढा, नाहीतर पीव्हीसीचा पातळ तुकडाही वर राहून फसवतो.

शंका उरलीच तर तांब्याच्या तारेची चाचणी. तार ज्योतीत लालबुंद करा, संशयित तुकड्याला टेकवा, थोडं प्लास्टिक तारेला चिकटलं की पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरिन आहे. हे मोकळ्या हवेत, वाऱ्याकडे पाठ करून, अगदी नखाएवढ्या तुकड्यावरच करा.

निवडाईचं काम ज्यांच्याकडून शिकायचं ती माणसं आपल्याच शहरात आहेत. कचरा वेचणाऱ्या बायका पन्नीचा नुसता आवाज ऐकून ती पीपी की पॉलिथिन ते सांगतात. त्यांना रोजी देऊन, हातमोजे आणि बूट देऊन, मानाने शिकवायला बोलवा. काही आठवडे त्यांच्या शेजारी बसून निवडाई करा. या धंद्यात तुम्ही टिकाल की नाही, त्याचं उत्तर तिथेच मिळेल.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. ज्या प्लास्टिकचं पुन्हा प्लास्टिक होऊ शकतं, त्याचं तेल करू नये. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागांतून निघणारे ठिबकचे जुने पाइप उत्तम पॉलिथिन असतात, पण त्यांचे दाणे पाडून पुन्हा पाइप करणारे लोक आहेत आणि ते भावही जास्त देतात. प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांतही हाच क्रम आहे. २०२२ च्या उत्पादक-जबाबदारीच्या मार्गदर्शक सूचनांत कचऱ्यापासून तेल करण्याला पुनर्वापर म्हणून नव्हे, तर ज्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही अशा प्लास्टिकची शेवटची विल्हेवाट म्हणून जागा दिली आहे. तेव्हा तुमचा माल म्हणजे कबाडीवाला ज्याला हात लावत नाही ती मळकी, पातळ, फाटकी पन्नी.

धुणं, वाळवणं, कापणं

मळकी पन्नी म्हणजे माती आणि पाणी. मातीचं चारात रूपांतर होत नाही, ती तशीच भट्टीच्या तळाशी साचते आणि उष्णता आत जाऊ देत नाही. पाणी त्याहून महाग पडतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २,२६० किलोज्यूल उष्णता लागते, ती तुमच्याच इंधनातून जाते, आणि वाफेमुळे भट्टीतला दाब उसळ्या मारतो. मी तर म्हणेन, माती झटकून काढण्यावर भर द्या, धुवा कमी. फिरती जाळी लावून कोरडी माती पाडली की धुण्याची गरज बरीच कमी होते.

आपल्याकडचं ऊन हे फुकटचं भांडवल आहे. मार्च ते मे या काळात पसरलेली पन्नी एका दुपारीत खडखडीत वाळते. पावसाळ्यात लागणारा माल त्याच काळात वाळवून, गाठोडी बांधून, शेडमध्ये साठवून ठेवा. साठा एकाच ढिगात नको. मधे मोकळी वाट, वाळूच्या बादल्या आणि पाण्याची सोय हवीच.

पहिली चाचणी

आता भट्टी, पण लहान आणि दुसऱ्याच्या छताखाली. नागपूर या बाबतीत नशीबवान आहे. रसायन तंत्रज्ञान शिकवणारं १९४२ पासूनचं एलआयटी, अभियांत्रिकीचं व्हीएनआयटी आणि १९५८ मध्ये स्थापन झालेली पर्यावरण संशोधनाची नीरी या संस्था इथेच आहेत. केमिकल इंजिनीअरिंग विभागातल्या एखाद्या प्राध्यापकाला भेटा. निवडलेल्या मालाचं पोतं सोबत न्या आणि विचारा, विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये किलो-दोन किलोची चाचणी घेता येईल का. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसापेक्षा, ज्याच्या पोत्यावर ‘कळमना, विणलेले कट्टे, वाळवलेले’ अशी चिठ्ठी लावलेली आहे, त्याचं म्हणणं नीट ऐकलं जातं.

चाचणीत चार आकडे टिपून घ्या: किती माल टाकला, किती तेल निघालं, किती चार उरला, आणि हिशेबात न बसणारं उरलेलं वजन, तो गॅस. स्वच्छ पॉलिथिन-पीपीमधून वजनाच्या ७० ते ८० टक्के तेल निघतं. त्या तेलाची घनता पाण्याच्या पाऊण पटीहून थोडी जास्त असते, म्हणून ‘किलोला एक लिटर’ हा मशीन विकणाऱ्यांचा दावा खोटा नाही. फक्त तो स्वच्छ, कोरड्या, निवडलेल्या मालाचा आहे. वस्तीतून १०० किलो माल आणला आणि त्यात १५ किलो पाणी, १० किलो माती, १५ किलो चुकीचं प्लास्टिक निघालं, तर भट्टीत ६० किलोच जातात. त्याचे ७० टक्के म्हणजे ४२ किलो, साधारण ५४ लिटर. धंद्याचा हिशेब या ५४ वर मांडायचा असतो.

भट्टी चालवताना

मोठ्या भट्टीचे भाग मोजकेच: बंद रिॲक्टर, वाफेची नळी, कंडेन्सर, तेलाची टाकी, गॅसची नळी ज्यात बुडवलेली असते ते पाण्याचं सील आणि बर्नर. सुरुवातीला बाहेरचं इंधन लागतं. गॅस येऊ लागला की तोच बर्नरला देतात, आणि सगळं नीट जमलं तर पुढची उष्णता बहुतेक त्यातूनच भागते. उरलेला गॅस हवेत सोडायचा नाही, जाळूनच टाकायचा.

तापमान घाईने वाढवू नका. २५० ते ३५० च्या टप्प्यात थोडं थांबलं की चुकून आलेल्या पीव्हीसीचा क्लोरिन आधी निघून जातो. ती वाफ चुन्याच्या किंवा कॉस्टिक सोड्याच्या पाण्याच्या स्क्रबरमधून, म्हणजे वायू धुणाऱ्या टाकीतून, काढावी. त्यानंतर ४०० च्या पुढे तेल जोमाने येतं. झिओलाइटसारखा उत्प्रेरक वापरला तर कमी तापमानात, अधिक हलकं तेल मिळतं. पण उत्प्रेरकावर कार्बनचा थर चढत जातो आणि तो महाग असतो, म्हणून पहिल्या वर्षी त्याच्याशिवाय शिकणं मला योग्य वाटतं.

उत्प्रेरक नसला की पॉलिथिनमधून मेण जास्त येतं. डिसेंबर-जानेवारीत नागपूरची रात्र १० अंशांच्या खाली गेली की सकाळी ड्रममधलं तेल तुपासारखं थिजलेलं सापडतं, नळ्यांमध्येही तेच. म्हणून पहिल्या कंडेन्सरचं पाणी मुद्दाम कोमट ठेवतात. जड मेण तिथेच उतरतं, ते पुन्हा भट्टीत टाकता येतं, आणि पुढच्या थंड कंडेन्सरमध्ये पातळ तेल मिळतं. उन्हाळ्यात ४५ अंशांना कंडेन्सरचं पाणी थंड करणारा कूलिंग टॉवर काय काम देणार, अशी भीती नवख्यांना वाटते. पण टॉवर हवेच्या कोरडेपणावर चालतो आणि आपला मे कोरडा असतो. दमट जुलै-ऑगस्टमध्येच टॉवरचं पाणी बऱ्याचदा जास्त कोमट राहतं. मे महिन्याची खरी अडचण वेगळी, पाणी उडून जातं. त्याची सोय आधी बघा.

आता सगळ्यात धोक्याची वेळ: भट्टी बंद करतानाची. आग काढली की आतला वायू आकसतो आणि रिॲक्टरमध्ये निर्वात ओढ तयार होते. ती ओढ सीलमधलं पाणी तापलेल्या रिॲक्टरमध्ये खेचू शकते, आणि त्या पाण्याची क्षणात वाफ होते. पाणी नाही तर हवा शिरते, आणि आत गरम तेलाची वाफ असतेच. दोन्ही गोष्टी जीव घेणाऱ्या आहेत. उपाय दोन: उलट प्रवाह रोखणारी व्यवस्था, आणि थंड होताना आत हळूहळू नायट्रोजन सोडत राहणं. भट्टी सुरू करतानाही आधी नायट्रोजनने आतली हवा बाहेर काढायची. नायट्रोजनचा सिलिंडर खर्चिक वाटतो म्हणून तो टाळणाऱ्या माणसाकडून मशीन घेऊ नका, आणि त्याच्या भट्टीजवळ उभेही राहू नका.

रिॲक्टर पूर्ण थंड झाल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. गरम चार हवा लागताच धुमसतो. त्याची धूळही बारीक असते, मास्क लावूनच काढा. दाब सोडणारा व्हॉल्व्ह, ज्योत मागे न येऊ देणारा अरेस्टर आणि दोन वेगवेगळ्या जागी तापमापक नसतील, तर भट्टी पेटवायचीच नाही.

निघालेलं तेल

हे डिझेल नाही. हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. भट्टीतून येणाऱ्या तेलात पेट्रोलसारखे हलके अंश, डिझेलसारखे मधले आणि मेणासारखे जड असे सगळे एकत्र असतात. हलक्या अंशांमुळे ते अगदी कमी तापमानाला पेट घेऊ शकतं. शिवाय तुटलेल्या साखळ्यांमुळे ते अस्थिर असतं. काही आठवडे ठेवलं की काळवंडतं आणि तळाला डिंकासारखा गाळ बसतो. मोटरसायकलमध्ये किंवा ट्रॅक्टरमध्ये टाकू नका, आणि वाहनाचं इंधन म्हणून विकू तर नकाच.

त्याची योग्य जागा म्हणजे बॉयलर, भट्ट्या, डांबराचे हॉट मिक्स प्लांट, जिथे आज फर्नेस ऑइल जळतं तिथे. त्यासाठीही ग्राहक फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला तेलाची वाफ ठिणगीने पेट घेते तो), क्लोरिन, पाणी, राख आणि उष्मांक विचारेल. फर्नेस ऑइलच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १५९३ मध्ये, फ्लॅश पॉइंट किमान ६६ अंश लागतो. कच्च्या पायरोलिसिस तेलाचा त्याच्या बराच खाली असतो. हलका अंश ऊर्ध्वपातनाने वेगळा केल्याशिवाय तिथे पोहोचता येत नाही.

परवानग्या, आणि कुणाकडे आधी जायचं

सिव्हिल लाइन्सच्या उद्योग भवनातलं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय पहिलं. पाणी आणि हवा कायद्यांखाली आधी उभारणीची संमती आणि नंतर चालवण्याची संमती लागते. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ खाली प्रक्रिया करणारा म्हणून नोंदणी वेगळी. जागा ठरवण्याआधीच जा आणि तुमचा उद्योग कोणत्या वर्गात धरला जाईल ते लेखी विचारून घ्या. घरांना लागून असलेला प्लॉट या कामाचा नाही. बुटीबोरी, हिंगणा, कळमेश्वर अशा औद्योगिक वसाहतीतच बघा.

दुसरं कार्यालय सेमिनरी हिल्सच्या सीजीओ कॉम्प्लेक्समध्ये आहे. देशभरातल्या पेट्रोलियम साठ्याची सुरक्षा पाहणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालयच नागपुरात आहे, हा आपला फायदा. फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली असेल तर ते तेल पेट्रोलियम कायद्यात ‘अ’ वर्गात जातं, आणि विक्रीसाठी नसलेल्या ३० लिटरच्या पुढे साठवायचं म्हटलं की परवाना लागतो. २३ ते ६५ अंश हा ‘ब’ वर्ग. तिथे २,५०० लिटरपर्यंत, आणि कोणतंही भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर, सूट आहे. म्हणजे प्रयोगशाळेतल्या चाचणीत फ्लॅश पॉइंट काढून घेणं हे कागदपत्रांच्याही आधीचं काम झालं, कारण टाक्या कितीच्या आणि एकमेकींपासून किती अंतरावर हे त्यावरच ठरतं. अग्निशमन विभागाची मंजुरी आणि कारखाना परवाना हेही वेळेवर मागा.

आणि पहिला ग्राहक मशीन घेण्याआधी शोधा. हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या ज्या कारखान्यात फर्नेस ऑइलचा बर्नर आहे, तिथल्या बॉयलर सांभाळणाऱ्या माणसाला भेटा. चाचणीतलं तेल घट्ट झाकणाच्या धातूच्या छोट्या डब्यात न्या, त्यावर माल कुठला, कधीचा आणि फ्लॅश पॉइंट किती ते लिहा, प्रयोगशाळेचा कागद सोबत जोडा. फर्नेस ऑइलच्या तुलनेत तो किती भाव देईल आणि क्लोरिनची कोणती मर्यादा मागेल, हे त्याच्या तोंडून ऐका. त्या भावात ५४ लिटरचा हिशेब बसत असेल, तरच मशीनवाल्याला फोन करा.